अझरक : वाळवंटातील एका पाणवठ्याचा इतिहास

वाळवंटी प्रदेशाचा नकाशा उघडला की आपण प्रथम उंची, रस्ते आणि वस्त्या पाहतो. अनुभवी सैनिक मात्र त्याआधी निळे ठिपके शोधतो. विहीर कोठे आहे, झरा कोठे आहे आणि दोन पाणवठ्यांमध्ये किती अंतर आहे, हे कळले की त्या मुलुखात माणसे, जनावरे आणि वाहने कोणत्या वाटेने जातील याचा अंदाज बांधता येतो. पाणी हेच तेथील खरे मोक्याचे ठिकाण असते.

या पाठात आपण अशाच एका निळ्या ठिपक्याचा इतिहास पाहणार आहोत. जॉर्डन देशाच्या पूर्व भागात, राजधानी अम्मानपासून सुमारे १०० कि.मी. अंतरावर अझरक नावाचा पाणवठा आहे. अरबी भाषेत ‘अझरक’ म्हणजे निळा. काफिले, रोमन शिबंदी, सुलतानांचे सरदार आणि पहिल्या महायुद्धातील सैनिक या सर्वांना या पाण्याने आश्रय दिला. १९७८ मध्ये ते संरक्षित राखीव क्षेत्र झाले आणि त्यानंतर अवघ्या १४ वर्षांत तेथील झरे आटले. संरक्षण मिळाल्यावर पाणी का गेले, हा या पाठातील मुख्य प्रश्न आहे.

१. पाणी कोठून येते?

अझरकला वर्षाला १०० मि.मी. सुद्धा पाऊस पडत नाही. आपल्या जैसलमेरला याहून जास्त पडतो. मग तेथे बारमाही झरे कसे?

याचे उत्तर उत्तरेला आहे. अझरकच्या उत्तरेस, सीरियाच्या हद्दीत, द्रूझ पर्वत नावाचा जुना ज्वालामुखीचा डोंगराळ भाग आहे. तेथून दक्षिणेकडे दूरवर काळ्या बेसाल्टचे पठार पसरले आहे. महाराष्ट्रातील वाचकांना हा दगड अपरिचित नाही. सह्याद्रीचा काळा पाषाण तो हाच. डोंगरावर पडणारा पाऊस आणि हिवाळ्यातील बर्फाचे पाणी या दगडाच्या भेगांतून खाली मुरते आणि जमिनीखालून हळूहळू दक्षिणेकडे सरकते. अझरक हा या सर्व प्रदेशातील सखल भाग, एखाद्या मोठ्या परातीच्या तळासारखा. भोवतालचे पाणलोट क्षेत्र १२,००० चौ. कि.मी. पेक्षा मोठे आहे. एवढ्या मुलुखाचे भूगर्भातील पाणी परातीच्या तळाशी झऱ्यांच्या रूपाने वर येत असे.

झऱ्यांचे दोन गट होते, एक उत्तरेचा आणि एक दक्षिणेचा. त्यांच्या पाण्याने तळी भरत, त्यांच्या काठाने बोरू आणि लव्हाळ्याचे दाट रान माजे. पलीकडे ‘का’ म्हणजे सपाट चिखलमैदान होते. पावसाळी हिवाळ्यात त्यात उथळ पाणी साचे आणि उन्हाळ्यात ते सुकून मिठाचा पांढरा थर उरे. या चिखलमैदानाखालचे पाणी खारट आहे. गोड्या पाण्याच्या शेजारीच खारे पाणी आहे, ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचा संबंध येणार आहे.

२. दगडी हत्यारांपासून काळ्या किल्ल्यापर्यंत

अझरकच्या पाणथळीत पुरातत्त्वज्ञांना अश्मयुगीन हत्यारे मोठ्या प्रमाणात सापडली. त्यांतील सुमारे अडीच लाख वर्षांपूर्वीच्या काही हत्यारांवर चिकटून राहिलेल्या प्रथिनांचे अंश तपासण्यात आले. त्यांत गेंडा, घोडा, उंट, गोवंशातील जनावर आणि बदक यांचे अंश मिळाले. म्हणजे त्या काळची माणसे या पाण्याकाठी दबा धरून बसत आणि पाण्यावर येणाऱ्या प्राण्यांची शिकार करत. पाणवठ्याचा हा पहिला उपयोग.

पुढे व्यापार आला. अझरकपासून आग्नेयेला वादी सिरहान नावाची लांबच लांब सखल पट्टी अरबस्तानात उतरते. अरबस्तानातून सीरियाकडे जाणारे काफिले याच पट्टीने येत आणि अझरकला उंटांना पाणी पाजत. ज्याच्या हाती अझरक, त्याच्या हाती या वाटेची किल्ली. रोमन साम्राज्याने हे ओळखले आणि इसवी सन ३०० च्या सुमारास, सम्राट डायोक्लीशनच्या काळात, येथे काळ्या दगडाचा चौकोनी किल्ला उभा केला. साम्राज्याच्या पूर्व सीमेवरील चौक्यांच्या साखळीतील ती एक महत्त्वाची कडी होती.

आठव्या शतकात उमय्या घराण्याचे राजपुत्र येथे शिकारीसाठी येत. जवळच असलेल्या कुसैर अमरा या त्यांच्या छोट्या महालाच्या भिंतींवर रानगाढवांच्या शिकारीची चित्रे आजही दिसतात. युनेस्कोने १९८५ मध्ये हा महाल जागतिक वारशाच्या यादीत घेतला. तेराव्या शतकात, १२३७ च्या सुमारास, इझ्झुद्दीन ऐबक या सरदाराने अझरकचा किल्ला पुन्हा बांधून काढला. तसा अरबी शिलालेख दरवाजावर आहे. या किल्ल्याचे दरवाजेही दगडी आहेत. जवळपास मोठे लाकूड मिळत नसल्याने बेसाल्टच्या अखंड फळ्या घडवून त्या दगडी खुंट्यांवर फिरत्या ठेवल्या होत्या.

येथे एक मुद्दा ध्यानात घ्यावा. किल्ला बांधल्यापासून सुमारे १६०० वर्षे अनेक सत्ता आल्या आणि गेल्या, पण पाणी कमी झाले नाही. त्यांच्यापैकी कोणी निसर्गप्रेमी होता म्हणून हे घडले असे नाही. पखाल, बादली आणि उंटाचे तोंड एवढ्याच साधनांनी पाणी घेता येत होते. झरा जेवढे देईल तेवढेच मिळे. त्याहून जास्त घेण्याची ताकद कोणाकडेच नव्हती.

३. पहिले महायुद्ध : तळ म्हणून अझरक

पहिल्या महायुद्धात अरबांनी तुर्की सत्तेविरुद्ध उठाव केला. अमीर फैसल यांच्या सेनेबरोबर टी. ई. लॉरेन्स हा ब्रिटिश अधिकारी काम करत होता. नोव्हेंबर १९१७ मध्ये यार्मूक नदीच्या खोऱ्यातील रेल्वेचा पूल उडवण्याची मोहीम अझरकमार्गे निघाली. तीत जमादार हसन शाह यांच्या हाताखाली भारतीय मशीनगनधाऱ्यांची एक तुकडी होती. लॉरेन्सच्या आठवणींनुसार पुलाजवळ पोहोचल्यावर अंधारात एकाच्या हातून रायफल पडली, तिच्या आवाजाने पहारेकरी सावध झाले आणि मोहीम फसली. परत आल्यावर काही दिवस त्याने अझरकच्या किल्ल्यातच मुक्काम केला. मोडके छप्पर दुरुस्त केले गेले, पहारे बसले, आणि उत्तरेकडील टोळ्यांचे प्रमुख भेटीसाठी येऊ लागले. दगडी दरवाजा बंद होताना भिंत हादरत असे, असे त्याने लिहून ठेवले आहे.

पुढच्या वर्षी अझरकचे महत्त्व आणखी वाढले. दमास्कसकडून येणारी रेल्वे दरआ येथे फुटत होती. एक फाटा पॅलेस्टाइनकडे, दुसरा मदिनेकडे. दरआ अझरकपासून सुमारे ११० कि.मी. वायव्येस आहे आणि अरब सेनेचे मुख्य बंदर अकाबा सुमारे ३०० कि.मी. दक्षिणेस. एवढ्या लांबून थेट हल्ला करणे अशक्य होते. मध्ये असे ठिकाण हवे होते, जेथे शेकडो उंटांना पाणी मिळेल, विमाने उतरायला सपाट जमीन असेल आणि शत्रूचा हात सहज पोहोचणार नाही. अझरक या तिन्ही अटी पूर्ण करत होते. सप्टेंबर १९१८ मध्ये अरब नियमित सैनिक, गुरखा जवानांची एक तुकडी, इजिप्तचे उंटस्वार, चिलखती मोटारी, फ्रेंच पहाडी तोफा आणि विमाने तेथे जमली. या दलाने दरआच्या भोवतालची रेल्वे तिन्ही बाजूंनी तोडली.

त्यानंतर लगेच, १९ सप्टेंबर १९१८ रोजी, जनरल ॲलनबी यांचा पॅलेस्टाइनमधील मुख्य हल्ला सुरू झाला. याच मोहिमेत २३ सप्टेंबरला जोधपूर आणि म्हैसूर लान्सर्सनी हैफा शहर घोडदौडीने जिंकले. दिल्लीतील तीन मूर्ती हैफा चौक आपल्याला त्या घोडदळाची आठवण देतो. हैफाचा पराक्रम आपण वाचतो, तेव्हा त्याच मोहिमेच्या उजव्या अंगाला वाळवंटातील एका पाणवठ्यावर उभा असलेला तळही आठवावा.

४. गाव, पक्षी आणि राखीव क्षेत्र

विसाव्या शतकात अझरकला कायमची वस्ती झाली. किल्ल्याजवळच्या उत्तर अझरकमध्ये सीरियाकडून आलेले द्रूझ लोक राहू लागले. दक्षिणेच्या झऱ्यांजवळ कॉकेशस पर्वतातून स्थलांतर केलेले चेचेन लोक आले. त्यांच्यावरूनच त्या गावाला ‘अझरक अश्‌शिशान’ म्हणतात. चेचेनांनी म्हशी आणल्या, त्या पाणथळीत डुंबू लागल्या. द्रूझ लोकांनी चिखलमैदानातून मीठ काढण्याचा धंदा सांभाळला.

युरोप आणि आफ्रिका यांच्यामध्ये ये-जा करणाऱ्या पक्ष्यांच्या मार्गावर अझरक येते. शेकडो मैल कोरड्या प्रदेशावरून उडून आलेल्या पक्ष्याला हे पाणी दिसले की तो उतरणारच. २ फेब्रुवारी १९६७ या एका दिवशी तेथे ३,४७,००० पक्ष्यांची नोंद झाली होती.

१९६० च्या दशकात ब्रिटिश पक्षीतज्ज्ञ गाय माउंटफर्ट यांनी जॉर्डनमध्ये शास्त्रीय मोहिमा नेल्या आणि अझरक जपावे असे सुचवले. हेच माउंटफर्ट पुढे भारतातील वाघांसाठी जागतिक निधी उभारण्याच्या कामात पुढे होते आणि १९७२ मध्ये त्यांनी पंतप्रधान इंदिरा गांधी यांची भेट घेतली होती. जॉर्डनमध्ये १९६६ साली निसर्गसंवर्धनासाठी राजमान्य संस्था स्थापन झाली. १९७७ मध्ये अझरकला रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून मान्यता मिळाली, आणि १९७८ मध्ये सुमारे १२ चौ. कि.मी. चे राखीव क्षेत्र निश्चित झाले. कुंपण आले, रक्षक आले, शिकारीला बंदी झाली. कागदावर सर्व काही ठीक होते.

५. कुंपणाबाहेरचा पंप

याच काळात अम्मान शहर झपाट्याने वाढत होते. १९४८ आणि १९६७ च्या युद्धांनंतर लाखो निर्वासित जॉर्डनमध्ये आले. देशात मोठी नदी जवळपास नाही, पाऊस थोडा. या लोकांना पाणी द्यायचे कोठून? अझरकचे पाणी गोडे होते आणि जमिनीपासून फार खोलही नव्हते. १९६० च्या दशकात उत्तरेच्या इर्बिद शहराला थोडे पाणी जाऊ लागले. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला झऱ्यांच्या उत्तरेस खोल विहिरींची रांग खोदली गेली आणि अम्मानकडे मोठी जलवाहिनी सुरू झाली. त्याच्या जोडीला शेतीसाठी खासगी विहिरी वाढल्या. त्यांतील अनेक परवान्याशिवाय खोदलेल्या होत्या.

आता हिशेब पाहू. या खोऱ्यातून दरवर्षी सुमारे २ कोटी ४० लाख घनमीटर पाणी काढले, तर ते पुन्हा भरून येऊ शकते असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. प्रत्यक्षात त्याच्या दुपटीहून अधिक पाणी उपसले जाऊ लागले. पगारापेक्षा खर्च दुप्पट असेल, तर घर काही दिवस शिलकीवर चालते, मग शिल्लक संपते. येथेही तसेच झाले. भूजलाची पातळी खाली गेली. प्रथम उत्तरेचे झरे थांबले. १९९० मध्ये रामसर कराराच्या धोक्यातील स्थळांच्या यादीत अझरकचे नाव गेले. १९९२ मध्ये दक्षिणेचे झरेही आटले.

तळी कोरडी पडली. बोरूचे रान वाळले. पाण्याखाली हजारो वर्षे साचलेला कुजका पालापाचोळा उघडा पडला आणि जमिनीखालून धुमसत जळू लागला. म्हशी गेल्या. काही विहिरींचे पाणी खारट होऊ लागले, कारण गोडे पाणी उपसल्यावर त्याची जागा घ्यायला शेजारचे खारे पाणी सरकते. २ फेब्रुवारी २००० रोजी, म्हणजे त्या पहिल्या नोंदीनंतर बरोबर ३३ वर्षांनी, पक्षी मोजले तेव्हा ते फक्त १,२०० भरले.

कुंपणाच्या आतील एकही नियम कोणी मोडला नव्हता. रक्षक आपल्या जागी होते. पण पाण्याला कुंपण दिसत नाही. १२ चौ. कि.मी. चे रक्षण झाले आणि १२,००० चौ. कि.मी. मोकळे राहिले. तळ्याचा मालक तळ्याच्या काठावर नव्हता, तो दूर विहिरीच्या तोंडाशी होता.

तरीही अम्मानला दोषी ठरवून मोकळे होणे न्यायाचे नाही. तेथील मुलांची तहान खरी होती. २०१४ मध्ये सीरियातील युद्धामुळे घर सोडलेल्या लोकांसाठी अझरकजवळच मोठी छावणी उघडावी लागली. त्यांनाही पाणी लागतेच. प्रश्न चांगले विरुद्ध वाईट असा नाही. दोन खऱ्या गरजा आहेत आणि पाणी मोजकेच आहे, असा हा प्रश्न आहे. म्हणूनच हिशेब आधी मांडावा लागतो.

६. दहावा हिस्सा परत

१९९० च्या दशकात आंतरराष्ट्रीय मदतीने पाणथळ पुन्हा उभी करण्याचे काम सुरू झाले. मूळ पाणथळीचा फक्त दहावा भाग परत आणायचा, एवढेच उद्दिष्ट ठेवले गेले. त्यासाठी दरवर्षी १५ ते २५ लाख घनमीटर पाणी तळ्यांत सोडण्याचे ठरले. पूर्वी जे पाणी आपोआप वर येत होते, ते आता पंपाने आणून ओतावे लागते. ज्या यंत्राने झरा आटवला, त्याच यंत्रावर आज तळे जगते.

या धडपडीत एका लहानशा माशाची गोष्ट मोलाची आहे. अझरकच्या तळ्यांत बोटाएवढा, चंदेरी अंगावर पट्टे असलेला एक मासा राहतो. जगात तो दुसरीकडे कोठेही नाही. वादी सिरहानवरून त्याचे शास्त्रीय नाव ‘सिरहानी’ असे ठेवले आहे. तळी आटली आणि बाहेरून आलेले मोठे मासे त्याच्यावर तुटून पडले, तेव्हा तो संपल्यात जमा होता. शोध घेतल्यावर थोडे मासे जिवंत सापडले. त्यांना वेगळ्या, सुरक्षित पाण्यात वाढवून त्यांची संख्या वाढवली आणि ते पुन्हा तळ्यात सोडले.

म्हशीही परत आणल्या. त्या बोरू खातात, तुडवतात आणि त्यामुळे पक्ष्यांना उतरण्यासाठी उघडे पाणी राहते. आज लाकडी पायवाटेने फिरताना बदके, बगळे आणि इतर पाणपक्षी दिसतात. पूर्वीचे थवे मात्र परत आलेले नाहीत.

७. आपण काय शिकावे?

मराठी वाचकाला येथे आज्ञापत्राची आठवण होईल. रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिलेल्या या ग्रंथात दुर्गबांधणीचे नियम आहेत. गडाची जागा निवडताना आधी पाणी पाहावे, असे ते सांगतात. पण ते तेथे थांबत नाहीत. गडावर झरा आहे आणि आज तो पुरतो आहे, एवढ्यावर निश्चिंत राहू नये. लढाईत तोफांच्या दणक्याने झरे कमी होऊ शकतात, म्हणून टाकी खोदून साठ्याचे पाणी वेगळे राखावे आणि ते सहसा खर्चू नये, असा त्यांचा सल्ला आहे. आज पाणी दिसते म्हणून ते उद्याही असेल असे समजू नका, हाच त्याचा अर्थ. अझरकला हाच नियम मोडला गेला.

छात्रहो, तुमच्यापैकी अनेकजण पुढे वाळवंटी सीमेवर किंवा दुर्गम ठाण्यांवर सेवा कराल. तेव्हा तीन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, ठिकाण ताब्यात असणे आणि त्या ठिकाणाचे पाणी ताब्यात असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. पाण्याचा उगम कोठे आहे आणि तो कोणाच्या हद्दीत आहे, हे शोधून काढा. दुसरी, किती पाणी येते आणि किती जाते हे मोजल्याशिवाय पुरवठ्याची खात्री देऊ नका. तिसरी, जे तुटायला दहा-बारा वर्षे पुरतात, त्याचा दहावा भाग परत आणायला एक पिढी लागते. पहारा उगमावर ठेवावा लागतो आणि तो वेळेत ठेवावा लागतो.

स्वाध्याय

१. पश्चिम आशियाच्या नकाशावर अकाबा, अझरक, दरआ, हैफा आणि दमास्कस दाखवा. सप्टेंबर १९१८ मध्ये अझरक तळ म्हणून का निवडला गेला, ते अंतरांच्या आधारे लिहा.

२. राखीव क्षेत्राचे सर्व नियम पाळले जात असूनही झरे का आटले? आकृती काढून स्पष्ट करा.

३. आपल्या शाळेच्या आवारात पाणी कोठून येते? विहीर, कूपनलिका, तलाव की नळयोजना? वसतिगृहात दररोज किती पाणी लागते याचा एका आठवड्याचा हिशेब गटाने मांडा.

४. चर्चा करा : शहराची तहान आणि पाणथळीचे रक्षण यांत निर्णय घ्यायची वेळ आली आणि तुम्ही जिल्हाधिकारी असाल, तर आधी कोणती माहिती मागवाल?